खुर्चीचा प्रश्न वेगळा, अटींचा वेगळा

ताई, नमस्कार.

मी पुण्यात नोकरी करतो, आईबाबा साताऱ्याला असतात. धाकटी बहीण गुरुग्रामला आहे, तिला जानेवारीच्या मध्यावरची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या डॉक्टर तिथल्या आणि नोकरीही तिथलीच. म्हणून आईबाबाच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे जाणार आहेत. परतायचं कधी ते ठरलेलं नाही. आई म्हणते, सव्वा महिना झाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६ ची. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात, कठडा धरल्याशिवाय जिना चढवत नाही.

गेल्या वर्षी ते दोघं एका स्वस्त विमान कंपनीने दिल्लीला गेले. माझ्या कार्डावर एका तिकिटापुरतीच सूट मिळत होती, म्हणून मी दोघांची तिकिटं वेगवेगळी काढली. आईची बॅग २२ किलो भरली, मर्यादा १५ ची. बाबांची बॅग जेमतेम सहा किलोची. काउंटरवर सांगितलं, तिकिटं वेगळी म्हणजे वजनही वेगळं. आईने रांगेतच बॅग उघडली आणि डबे बाहेर काढायला लागली, मागचे लोक बघत उभे. बाबांना ते बघवेना. त्यांनी जवळजवळ चार हजार रुपये भरले आणि त्या दिवसापासून 'मला परत विमानात बसवू नका' एवढंच म्हणतात.

आता एअर इंडियाचं तिकीट बघतोय. तीन प्रकारच्या खुर्च्या, प्रत्येकीत पुन्हा तीन भाडी. मी बघितलं त्या दिवशी एका माणसाचं जायचं इकॉनॉमी व्हॅल्यू ६,४०० रुपये, इकॉनॉमी फ्लेक्स ८,९००, प्रीमियम इकॉनॉमीतलं व्हॅल्यू ९,८०० होतं. मेहुणे म्हणतात, जाता-येता दोन्ही वेळा प्रीमियम इकॉनॉमीच काढा, पैसे मी पाठवतो. बायको म्हणते फ्लेक्स. बाबा म्हणतात रेल्वे, आणि जावयाच्या पैशाने तर मुळीच नाही. विस्तारा ही विमान कंपनी होती तेव्हा बरं होतं असं वाटायला लागलंय. काय काढू?

एक मुलगा, पुणे

नमस्कार,

घरात बाळ येणार, याचा आधी आनंद. तुमच्या बहिणीला आणि आईबाबांना मनापासून शुभेच्छा.

तिकीट काढायची घाई असणार, म्हणून माझं मत आधीच सांगते. जाण्यासाठी दोघांचंही इकॉनॉमी व्हॅल्यू घ्या, पण एकाच पीएनआरवर, म्हणजे दोघांचं मिळून एकच बुकिंग. बाबांसाठी वाटेलगतची सीट, आयल म्हणतात ती, पैसे देऊन राखून ठेवा आणि व्हीलचेअर मागा. सामान घरीच तोला. दोघांचं मिळून तीस किलोच्या वर गेलं तर जादा वजन विमानतळावर जाण्याआधीच विकत घ्या. परतीचं तिकीट आज काढू नका. आणि मेहुण्यांच्या प्रीमियम इकॉनॉमीला या खेपेला प्रेमाने नाही म्हणा. असं का, ते आता नीट सांगते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण भाड्यांच्या त्या तक्त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकाखाली एक मांडलेले असतात. पहिला प्रश्न, माणूस बसणार कुठे? इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस ही त्याची उत्तरं. दुसरा प्रश्न, त्या खुर्चीला अटी कुठल्या? किती किलो सामान, तारीख बदलली तर किती दंड, रद्द केलं तर किती परत. व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स ही त्याची उत्तरं. इकॉनॉमीत व्हॅल्यूवाला आणि फ्लेक्सवाला शेजारीशेजारी बसतात. खुर्ची तीच, गुडघ्यापुढची जागाही तेवढीच. तुमचे मेहुणे खुर्चीबद्दल बोलतायत, तुमची बायको अटींबद्दल बोलतेय आणि बाबा मानाबद्दल. म्हणून तुमच्या घरात कुणाचं कुणाशी जुळत नाहीये. बाबांचे गुडघे हा खुर्चीचा प्रश्न आहे. आईंच्या बॅगेचं वजन आणि परतीची न ठरलेली तारीख हा अटींचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच उत्तरात सोडवायला गेलात की सगळ्यात महाग रकान्यात जाऊन पोचता.

हे रकाने आले कुठून, तेही थोडं सांगते, म्हणजे विस्ताराची हळहळ कमी होईल. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत आली. त्यानंतर भाड्यांचे प्रकार पाडले गेले, तेव्हा त्यांची नावं कम्फर्ट, कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्स अशी होती. देशांतर्गत प्रवासात कम्फर्टवर २० किलो आणि कम्फर्ट प्लसवर २५ किलो सामान फुकट जायचं. २ मे २०२४ पासून हे दोन्ही आकडे १५ वर आले, २५ किलो फक्त फ्लेक्सला राहिले. पुढे नावंही बदलली आणि आजची व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स आली. बॅग न नेणाऱ्याला स्वस्त तिकीट द्यायची मुभा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२१ मध्येच सगळ्या कंपन्यांना दिली होती. तिकिटातून एकेक गोष्ट सुटी करून विकायची पद्धत एका कंपनीची राहिलेली नाही.

खुर्च्यांचं म्हणाल तर प्रीमियम इकॉनॉमी आपल्याकडे विस्ताराने आणली. ही कंपनी ९ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिच्याकडेही लाइट, स्टँडर्ड, फ्लेक्सी अशी भाडी होतीच. तुम्हाला आठवतंय ते बहुधा तिथलं आदरातिथ्य. इकडे एअर इंडियाने आपल्या २७ जुन्या ए३२०निओ विमानांच्या आतल्या खुर्च्या बदलायचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये हाती घेतलं. त्या नव्या मांडणीत पुढे बिझनेसच्या ८ सीट, मग प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि मागे इकॉनॉमीच्या १३२. इतकी वर्षं एकाच वर्गावर चाललेल्या इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर पुढच्या १२ मोठ्या सीट विकायला सुरुवात केली.

माझं यावर स्पष्ट मत आहे. ज्याला सामान नाही त्याने कमी पैसे द्यावेत, यात गैर काही नाही. मला खटकतात ती नावं. 'क्लासिक' या शब्दावरून साताऱ्यातल्या ७१ वर्षांच्या माणसाने काय समजायचं? 'तारीख बदलता येईल', '१५ किलो', 'दंड लागेल' असं सरळ मराठीत किंवा हिंदीत त्या रकान्यावर लिहिलं असतं तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं. तोवर एक सवय लावून घ्या. नाव वाचूच नका, त्याखालचे तीन आकडे वाचा: किलो, बदलाचा दंड, रद्द करण्याचा दंड.

आता बाबांचे गुडघे.

प्रीमियम इकॉनॉमीच्या त्या २४ सीटचा हिशेब करा. सहासहाच्या चार रांगा झाल्या. म्हणजे या छोट्या विमानातल्या प्रीमियम इकॉनॉमीतही एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन माणसं बसतात, मधली सीटही विकली जाते, रुंदीला फारसा फरक पडत नाही. वाढते ती पुढची जागा. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत इकॉनॉमीत २८-२९ इंच असतात, इथे ३२. तीनचार इंच म्हणजे कमी नाही, दुखऱ्या गुडघ्याला ते कळतात. पण पुणे-दिल्ली हवेतला प्रवास दोन सव्वादोन तासांचा. बाबांचे गुडघे विमानात बसून दुखणार नाहीत तितके विमानापर्यंत पोचताना दुखतील. चेक-इनची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, गेटपर्यंतची चाल, बसने विमानापाशी नेलं तर शिडीच्या उभ्या पायऱ्या, आणि दिल्लीला टर्मिनल ३ वर उतरले तर बॅगेच्या पट्ट्यापर्यंत न संपणारं अंतर. यातलं एकही पाऊल ९,८०० रुपयांच्या सीटमुळे कमी होत नाही. व्हीलचेअरमुळे जवळजवळ सगळं कमी होतं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी तरी नोंदवलेली असू द्या. तिथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक जण चुकवतात. मागणीत प्रकार असतात. एक, लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. दुसरा, पायऱ्याही चढता येत नाहीत. तिसरा, सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं. तुम्ही पहिला निवडलात तर बाबांना शिडीच्या पायथ्याशी आणून सोडतील आणि पुढे ते आणि त्यांचे गुडघे. कठडा धरून जिना चढणाऱ्या माणसासाठी दुसरा प्रकार लिहा. म्हणजे शिडी असेल तिथे त्यांना वर चढवणाऱ्या गाडीची, अँब्युलिफ्टची, सोय करायला सांगता येतं. बाबा म्हणतील, मी काय आजारी आहे का? त्यांना सांगा, बाळाला मांडीवर घ्यायला गुडघे शाबूत पोचवायचे आहेत. एवढं सांगितल्यावर बहुतेक आजोबा ऐकतात.

सीट निवडताना आपत्कालीन दरवाजाजवळची रांग घेऊ नका. तिथे जागा ऐसपैस दिसते, पण ज्याला स्वतःला मदत लागते त्याला तिथे बसवत नाहीत. आयत्या वेळी उठवतील आणि तोच अपमान पुन्हा होईल. पुढच्या भागातली वाटेलगतची सीट बघा, ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो तो पाय वाटेकडे मोकळा सोडता येईल अशी. खाण्याची गाडी येईल तेव्हा मात्र आत घ्यायचा, हे आईंना लक्षात ठेवायला सांगा.

वजनाचं बोलू. गेल्या वर्षीची गंमत बघा. आईंची बॅग २२, बाबांची ६, मिळून २८. दोघांचं मिळून ३० चालत होतं. एकाच पीएनआरवर एकत्र चेक-इन करणाऱ्या घरच्या माणसांचं वजन काउंटरवर एकत्र धरायची पद्धत आहे. यंदाही तिकीट काढण्याआधी कंपनीच्या कॉल सेंटरला एकदा विचारून खात्री करून घ्या, मग निर्धास्त राहा. फक्त एकच बॅग ३२ किलोच्या वर नको, ती उचलणाऱ्या लोडरच्या पाठीसाठी तेवढी मर्यादा सगळीकडेच असते. कार्डावरची सूट वाचवायला तिकिटं फोडली आणि त्यापायी चार हजार गेले. कुठलीही सूट दिसली तरी आईबाबांना दोन पीएनआरवर पाठवू नका. वजनाचं सोडा, विमान रद्द झालं तर एकाला सकाळच्या आणि दुसऱ्याला रात्रीच्या विमानात बसवतील.

या खेपेला सामान जास्त असणार हे मी गृहीत धरते. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, खारकेची पूड, बाळंतशेपा, बाळाची दुपटी-टोपडी, शिवाय साताऱ्याहून निघायचं म्हणजे कंदी पेढे आलेच. समजा सगळं ३५ किलो झालं. वरच्या पाच किलोंसाठी फ्लेक्स घ्यायचं का? फ्लेक्सचा फरक माणशी २,५०० रुपये, दोघांचे ५,०००. त्यात वजन वाढतं आणि तारीख बदलायची मोकळीक मिळते. पण जायची तारीख तर ठरलेली आहे, ती मोकळीक तुम्ही वापरणारच नाही. तिचे पैसे का द्यायचे? पाच किलो जादा वजन कंपनीच्या साइटवर आगाऊ घ्या. ते काउंटरवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. किंवा दुपटी, चादरी, आईंचे जाड स्वेटर असं न फुटणारं सामान आठ-दहा दिवस आधी स्पीड पोस्टाने गुरुग्रामला रवाना करा. सामान खरंच ४५-५० किलोंवर जात असेल तरच फ्लेक्सचा हिशेब बसतो. तेव्हा तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर ठरेल, म्हणून आधी तोला, मग ठरवा.

परतीचं मी वेगळं काढलं, कारण तिथे अटींचा प्रश्न खरा आहे. बाळ तारखेच्या आधी येतं, नंतर येतं, सिझेरियन झालं तर आईंचा मुक्काम लांबतो. सव्वा महिना म्हणता म्हणता मार्च उजाडेल. फ्लेक्स घेतलं म्हणजे काही लोकांना वाटतं की तारीख फुकट बदलते. दंड माफ होतो हे खरं, पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर वरचा फरक भरावाच लागतो. आज ८,९०० ला घेतलेलं फ्लेक्स होळीच्या आठवड्यात सरकवायला गेलात तर आणखी पैसे जाऊ शकतात. देशातल्या प्रवासात जायचं आणि यायचं तिकीट वेगवेगळं काढल्याने सहसा तोटा होत नाही. म्हणून बाळ-बाळंतीण घरी आली, आईंनी स्वतः 'आता निघायला हरकत नाही' म्हटलं, की तीनचार आठवडे पुढची तारीख धरून तिकीट काढा. येताना बॅगा रिकाम्या असतील, १५ किलो भरपूर होतात. तेव्हाही तारीख डळमळीत वाटली तर मात्र फ्लेक्स घ्या, त्या दिवशी ते पैसे कामाला येतील.

आणि कधी व्हॅल्यूचं तिकीट रद्द करायची वेळ आलीच, तर 'नॉन-रिफंडेबल' वाचून ते सोडून देऊ नका. मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जेवढे होतात त्यापेक्षा जास्त रद्द-शुल्क कंपनीला घेता येत नाही, आणि सरकारी कर, विमानतळ वापर शुल्क वगैरे प्रवाशाला परत द्यावेच लागतात. प्रवासी विमानतळावर आलाच नाही तरीही. हा डीजीसीएचा नियम आहे. बरेच जण ही रक्कम मागतच नाहीत आणि ती तशीच पडून राहते. मागा. शिवाय थेट कंपनीच्या साइटवर काढलेलं तिकीट, प्रवास बराच पुढे असेल तर, पहिले ४८ तास दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा बदलता येतं. तुम्ही डिसेंबरचं तिकीट आधीच काढताय, म्हणजे ही सवलत तुम्हाला लागू आहे. तिकीट आलं की त्याच दिवशी दोघांची नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आधार कार्डावरून आठवलं. दोघंही साठीच्या वर आहेत. एअर इंडियात ज्येष्ठ नागरिकांना मूळ भाड्यावर सवलत असते. पूर्वी ती ५० टक्के होती, सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस २५ वर आली. तुम्ही बघितलेली भाडी ज्येष्ठांचा पर्याय निवडून बघितली होती का? नसेल तर पुन्हा बघा. त्यातही किलोचा आकडा वाचायचा आणि वयाचा पुरावा बरोबर ठेवायचा.

आता मेहुण्यांचा मुद्दा. त्यांची माया खरी आहे, ती दुखवायची नाही. पण त्यांना हा हिशेब दाखवा. दोघांचा एका बाजूचा फरक ६,८०० रुपये. त्यातला चांगला मोठा वाटा करात जातो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वरच्या प्रत्येक वर्गावर १८ टक्के, प्रीमियम इकॉनॉमीही त्यात आली. आधी या वरच्या वर्गांवर तो १२ होता. मूळ भाडं पाच हजार असेल तर इकॉनॉमीत २५० रुपये कर लागतो, आठ हजारांच्या प्रीमियम इकॉनॉमीवर १,४४०. तीनचार इंच जागा, थोडं बरं जेवण आणि आधी बोर्डिंग यासाठी हा पैसा दोन तासांच्या प्रवासात मला फार वाटतो. तेच आईबाबा उद्या मुंबईहून लंडनला निघाले, नऊदहा तास बसायचं असेल, तर मीच म्हणेन की झेपत असेल तर प्रीमियम इकॉनॉमी घ्या. मोठ्या विमानातली ती खुर्ची खरोखर वेगळी असते. ए३५० मध्ये इकॉनॉमीत एका रांगेत नऊ माणसं बसतात, प्रीमियम इकॉनॉमीत आठ. तिथे रुंदीही वाढते.

मेहुण्यांना पैसे खर्च करायचेच असतील तर ते घरात करू देत. बाथरूममध्ये धरायला भिंतीला दांडी बसवून घ्यावी, बाबांना उठता-बसता येईल अशी उंच खुर्ची आणावी, आणि त्या दिवशी ड्रायव्हरला न पाठवता स्वतः विमानतळावर यावं. सासरे हे मानाने घेतील. तिकिटाचे पैसे तुम्ही भरा. जावयाच्या पैशाने लेकीकडे जायचं नाही, ही बाबांची धारणा आहे. तिच्याशी या वयात वाद कशाला घालायचा? व्हॅल्यूचं तिकीट तुम्हाला जड नाही.

एवढं सांगूनही घरात प्रीमियम इकॉनॉमीच ठरली, तर एक नियम माहीत असू द्या. काही कारणाने विमान बदललं आणि तुमच्या संमतीशिवाय खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळण्याचा हक्क आहे. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. काउंटरवर व्हाउचर पुढे केलं तर सही करण्याआधी हे विचारा, जुन्या आणि नव्या दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो काढा आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि बाबांची रेल्वे. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. गोवा एक्स्प्रेस साताऱ्याहून थेट हजरत निजामुद्दीनला जाते, वजनाचा काटा नाही, बॅग कुणी उघडत नाही. पण एका रात्रीहून जास्त प्रवास, डब्यात चढायच्या उंच पायऱ्या, हलत्या गाडीतलं स्वच्छतागृह, आणि डिसेंबरअखेर उत्तरेत धुकं पडलं की गाडी किती तास उशिरा पोचेल याचा भरवसा नाही. गुडघ्यांना ते जास्त जड जाईल.

मला वाटतं बाबांना विमानाचा राग नाहीच. आपल्या बायकोला चारचौघांत बॅग उघडावी लागली आणि आपण काही करू शकलो नाही, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. तुम्ही या विषयावर त्यांच्याशी कधी बोललात का? पत्रात तसं दिसलं नाही. साताऱ्याला जाल तेव्हा त्यांना सांगा, 'बाबा, तिकिटं मी वेगळी काढली म्हणून ते झालं, आईचं काही चुकलं नव्हतं, आणि तुमचंही.' मग बॅग अडकवून तोलायचा हुकाचा काटा बाजारात मिळतो, तो त्यांच्या हातात द्या. वजन त्यांनी करावं, आकडा त्यांनी लिहून ठेवावा. काटा किलो-अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतो, म्हणून तीसची मर्यादा असेल तर २९ वर थांबावं.

विमान दुपारचं बघा. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीला पहाटे आणि सकाळी धुक्यामुळे विमानं खोळंबतात, दुपारपर्यंत बहुधा मोकळं होतं. साताऱ्याहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येतानाही त्यांना पहाटे तीनला उठावं लागणार नाही. आणि आईंना आत्ताच कळवा, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. त्यात तेल असतं, आगीच्या धोक्यामुळे त्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनच्या बॅगेतही नाहीत, तपासणीत बॅग उघडायला लावतात. लोणच्याची बरणी चेक-इनच्या बॅगेत, दुपट्यांमध्ये नीट गुंडाळून. डिंकाचे लाडू हातातल्या बॅगेत खुशाल न्यावेत, सात किलोंच्या आत बसतील तेवढे. खोबरं गुरुग्रामला मिळतं, मेहुण्यांना यादीत लिहून द्या.